मांगरातली बॅटरी: एका वर्षाचा अनुभव

गेल्या वर्षी पाऊस मे महिन्यातच कोसळला. आगोटीची कामं कुणाचीच उरकली नव्हती. आमची कौलं परतायची राहिली होती, लाकूडफाटा अजून परसातच पडला होता आणि तीन डीप फ्रीझरमध्ये मिळून साधारण चारशे किलो हापूसचा रस भरलेला होता. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी साडेसहाला वाडीतल्या फणसाची मोठी फांदी अकरा केव्हीच्या लाइनवर पडली आणि लाईट गेली. ती आली दुसऱ्या दिवशी रात्री साडेआठला. या सव्वीस तासांत तिन्ही फ्रीझर एकदाही बंद पडले नाहीत. लाईट आली तेव्हा मांगरातल्या, म्हणजे घराबाहेरच्या कोठारातल्या, बॅटरीत ३७ टक्के शिल्लक होती.

हा रिव्ह्यू त्या बॅटरीचा आहे आणि ती बसवून देणाऱ्या सेवेचाही. दोघांना मी मार्क वेगवेगळे देणार आहे, कारण वर्षभरात दोघांनी दाखवलेले गुण वेगळे आहेत. नावं लिहीत नाही. बसवताना झालेल्या चुका दुकानदाराने नंतर निस्तरल्या, आणि त्याच चुका उद्या दुसऱ्या कुठल्याही दुकानाकडून होऊ शकतात. नाव दिलं की लोक नाव लक्षात ठेवतात आणि चूक काय होती ते विसरतात. मला उलटं व्हायला हवं आहे.

मी गुहागर तालुक्यातला. चौतीस वर्षं कोयनेच्या पोफळीच्या वीजघरात काढली, त्यातली शेवटची अठरा कंट्रोल रूममध्ये. २०१९ साली निवृत्त होऊन गावी आलो. सौ. आंब्याचा रस, कोकम आगळ, आंबापोळी, फणसपोळी करते. वाडीतल्या चार बाया हंगामात हाताखाली असतात. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा आमचा व्यवसाय दुसऱ्याच वर्षात होता. लाईट पाच दिवस नव्हती. जनरेटर मिळेपर्यंत तिसरा दिवस उजाडला, आणि १८० किलो रस आम्ही दोघांनी माडांच्या मुळाशी ओतला. त्या दिवशी सौ. काही बोलली नाही, फक्त रिकामे डबे धुऊन उन्हात पालथे घालत राहिली. बॅटरी घ्यायची हे तेव्हाच ठरलं होतं, पैसे जमायला चार वर्षं लागली.

गेल्या वर्षीच्या शिमग्याच्या आठ दिवस आधी सगळं बसलं. छपरावर ५ किलोवॉटचे पॅनेल, ५ किलोवॉटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन मॉड्यूल. एकेका मॉड्यूलमध्ये ३.२ व्होल्टचे सोळा सेल एकापुढे एक जोडलेले, म्हणजे ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-तास. हिशेबाने एका मॉड्यूलमध्ये पाच युनिटच्या वर थोडं, दोन्हींत मिळून १०.२४. त्यातली नऊ-सव्वानऊ युनिट प्रत्यक्ष वापरायला मिळतात. खर्च सगळा मिळून ५ लाख ४० हजार, पैकी बॅटरीचे १ लाख ९० हजार.

आता मुख्य गोष्ट. बसवण्याआधी दुकानातून घर बघायला आलेल्या मुलाने ओटीवर चहा घेता घेता सांगितलं, "काका, ही फॉस्फेटवाली हाय. पेटतच नाय. कुठंपण ठेवा." आणि त्याने जागा दाखवली ती माडीच्या जिन्याखालची. तिथे आम्ही गॅसचा भरलेला जादा सिलिंडर ठेवतो आणि पावसाळ्यात सुकी लाकडं. रात्री वर झोपलेल्या माणसाला खाली यायची तीच एक वाट.

मी त्याला म्हटलं, बाळा, बस जरा. गेल्या महिन्यातली बातमी वाचलीस का? १६ जानेवारी २०२५ला कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग नावाच्या गावात ३०० मेगावॉटचं बॅटरीघर पेटलं. तेही आपल्यासारखंच समुद्रकाठचं गाव, मासेमारीच्या बोटींचं. बाराशेच्या आसपास माणसं घरं सोडून हलवावी लागली, महामार्ग बंद ठेवावा लागला. जुन्या वीजघराच्या टर्बाइन हॉलमध्ये, एका छपराखाली, बॅटऱ्यांच्या रांगा एकमेकींना लागून उभ्या केल्या होत्या, म्हणून आग आत पसरत गेली आणि अर्ध्याहून जास्त मॉड्यूल जळाले. त्याच आवारात उघड्यावर सुट्या पेट्यांमध्ये ठेवलेल्या दुसऱ्या बॅटऱ्या होत्या, शेजारच्या जागेत आणखी एका कंपनीच्या होत्या. त्यांच्यापर्यंत आग पोचली नाही. मला त्या बातमीतलं हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटलं: कुठे ठेवली आणि किती अंतर सोडलं.

तो म्हणाला, "ती वेगळी बॅटरी व्हती काका." त्याचं बरोबर होतं. मॉस लँडिंगचे सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टचे होते. ते तापत गेले की त्यांच्यातून ऑक्सिजन सुटतो आणि आगीला बाहेरच्या हवेची गरज उरत नाही. फॉस्फेटमधला ऑक्सिजन घट्ट बांधलेला असतो, त्यामुळे हा सेल बिघडायला जास्त तापमान लागतं आणि बिघडला तरी भडका सावकाश होतो. म्हणून मीही फॉस्फेटचीच घेतली. पण "पेटतच नाय" हे वाक्य चुकीचं आहे आणि ते विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं की मला काळजी वाटते. १६ एप्रिल २०२१ला बीजिंगमध्ये अशाच फॉस्फेटच्या बॅटरीघरात स्फोट झाला, दोन अग्निशमन जवान गेले. सेल आतून बिघडला की हायड्रोजन आणि इतर जळणारे वायू बाहेर पडतात. ज्वाळा दिसत नाही, फक्त पांढरट धूर कोंडत राहतो, आणि मग एखादी ठिणगी पुरते.

अमेरिकेत ॲरिझोनामधल्या सरप्राइज गावात १९ एप्रिल २०१९ला तसंच झालं होतं. कंटेनरएवढं बॅटरीघर, दोन मेगावॉटचं. आत आग विझवणारा वायू आपोआप सुटला, पण सेलमधून निघालेला वायू बाहेर काढायची सोय नव्हती. जवानांनी बराच वेळ थांबून मग दार उघडलं आणि स्फोट झाला. अनेक जवान जखमी झाले, काही गंभीर. वीजघरात इतकी वर्षं काम केलेल्या माणसाला हे वाचून झोप येत नाही, कारण बंद दाराआड काय आहे हे माहीत नसताना दार उघडायची वेळ आमच्यावरही आलेली आहे.

मुलगा ऐकून घेत होता. वाद घातला नाही हे त्याच्या खात्यावर जमा. बॅटरी मांगरात ठेवायची ठरली.

आमचा मांगर घरापासून पंधरा-सोळा पावलांवर आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पूर्वी भाताचा पेंढा आणि नारळाची सोडणं ठेवायचो. ते सगळं काढलं. जोतं आणखी दीड फूट उचललं, कारण मोठ्या पावसात पाणी परसातून मांगराच्या उंबऱ्याशी येतं. समोरासमोरच्या भिंतींत खाली एक आणि वर एक असे जाळीचे झरोके पाडले, म्हणजे काही सुटलं तर कोंडणार नाही. बॅटरी भिंतीपासून सुटी, इन्व्हर्टरपासून हातभर लांब. कौलांखाली सिमेंटचा पत्रा लावला, नाहीतर कौलांतून गळणारा एक थेंब नेमका तिथेच पडणार. मेन बंद करायचा आयसोलेटर मांगराबाहेर, दारापासून लांब, म्हणजे आत न जाता सगळं तोडता येईल. घरातल्या सगळ्यांना, कामाला येणाऱ्या बायांनाही, एकच सांगून ठेवलंय: मांगरातून धूर दिसला तर दार उघडून डोकवायचं नाही. आयसोलेटर हाताशी असेल तर तोडायचा, नसेल तर तोही सोडायचा, सगळ्यांनी वारा जिकडून येतोय त्या बाजूला दूर जायचं आणि १०१ला फोन करायचा. त्या धुरात फ्लोरिनचा विषारी वायू असतो. रस परत करता येईल.

या गवंडीकामाला एकतीस हजार गेले. दुकानदाराच्या कोटेशनमध्ये यातलं काहीही नव्हतं. हा माझा पहिला आक्षेप. बॅटरी विकताना तिची जागा हा तिचाच भाग म्हणून विकायला हवा.

दुसरा आक्षेप मोठा आहे. बसवून तीन आठवडे झाले होते. एका रात्री दोनच्या सुमाराला लाईट गेली आणि काही मिनिटांत फ्रीझरही गप्प झाले. उठून पाहिलं तर इन्व्हर्टरचा पडदा बॅटरी ६१ टक्के दाखवत होता आणि बॅटरी मात्र बंद होती. सकाळी टॉर्च आणि मीटर घेऊन बसलो. मॉड्यूल आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये एक निळी केबल असते, घरच्या इंटरनेटच्या वायरीसारखी दिसते. बॅटरीच्या पोटात बीएमएस नावाचा जो राखणदार बसवलेला असतो, तो या केबलमधून इन्व्हर्टरला प्रत्येक सेलचा व्होल्टेज आणि तापमान सांगत राहतो. आमच्याकडे ती केबल गुंडाळून, रबर लावून, पेटीच्या मागे ठेवलेली होती. लावलीच नव्हती. आणि इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार होता लेड-ॲसिड.

म्हणजे तीन आठवडे इन्व्हर्टर आमच्या लिथियमच्या बॅटरीला जुन्या ट्युब्युलर बॅटरीसारखं चार्ज करत होता आणि टक्केवारी अंदाजाने दाखवत होता. व्होल्टेज हद्दीबाहेर जायला लागला की आतला बीएमएस आपल्या परीने तोडत होता, म्हणून सेल वाचले. मग मी इन्फ्रारेडच्या थर्मामीटरने सगळे जोड तपासले. एक लग, म्हणजे केबलच्या टोकाचा नटाखाली आवळायचा धातूचा तुकडा, सोडून सगळे ३४ अंशांच्या आसपास, आणि तो एक ७१ अंश. नट बोटाने फिरला.

कुठलाही जोड ढिला राहिला की तिथे रोध वाढतो, रोधाने उष्णता वाढते, उष्णतेने जोड आणखी ढिला होतो. घरातल्या ५० व्होल्टच्या बॅटरीतून शंभर अँपिअर सहज वाहतात, त्यामुळे ढिल्या नटाला इथे माफी नाही. दुकानात फोन केला तर आधी "ॲप बंद करून चालू करा" असं उत्तर मिळालं. मी लग आणि थर्मामीटरचा फोटो पाठवला. तरीही माणूस यायला नऊ दिवस गेले. तोवर बॅटरी मी स्वतः तोडून ठेवली होती आणि फ्रीझर लाईटच्या भरवशावर चालले.

आले तेव्हा मात्र मालक स्वतः आला. मुलाला घेऊन सगळे लग काढले, दोन नवीन दाबून घेतले, टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या मापाला आवळले आणि प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारली, म्हणजे नट फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. निळी केबल लावली, सेटिंग बदललं, डीसीच्या बाजूचा फ्यूज बदलून योग्य क्षमतेचा घातला. आणि दर सहा महिन्यांनी तपासणी फुकट, असं लेटरहेडवर लिहून दिलं. त्या दिवसापासून आजपर्यंत एकही तक्रार नाही.

मी हे इतकं सविस्तर लिहितोय त्याचं कारण आहे. २०२१च्या जुलैत ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात जिलाँगजवळ, ३०० मेगावॉटचं बॅटरीघर चाचणीतच पेटलं होतं. त्याची चौकशी झाली आणि अहवाल सगळ्यांना वाचायला मिळाला. थंड ठेवणारं द्रव्य आत गळलं आणि त्यातून ठिणगी पडली. पण ती पेटी तेव्हा किल्लीने बंद करून ठेवलेली होती आणि तिची देखरेखीची यंत्रणा अजून नियंत्रणाशी जोडली गेली नव्हती. आत काय चाललंय हे पाहणारं कुणी नव्हतं. दोनशेहून अधिक पेट्यांपैकी दोन जळाल्या. आमच्या मांगरातली गुंडाळलेली निळी केबल ही त्याच जातीची चूक आहे, फक्त माप लहान.

अमेरिकेतली ईपीआरआय ही वीज संशोधन संस्था जगभरातल्या मोठ्या बॅटरीघरांच्या अपघातांची नोंद ठेवते. तिच्या हिशेबाने बसवलेल्या क्षमतेच्या प्रमाणात अपघात २०१८ ते २०२३ या काळात ९७ टक्क्यांनी घटले. आणि कारणं शोधली तर दोष खुद्द सेलमध्ये कमी वेळा निघाला. जोडणी, बांधणी, नियंत्रण यंत्रणा आणि भोवतालचं सामान यांत जास्त. बरेचसे अपघात बसवताना किंवा पहिल्या दोन वर्षांत झालेले. म्हणून बॅटरी कुठल्या कंपनीची याची चौकशी जितकी करता, त्याहून जास्त चौकशी ती बसवायला कोण येतोय याची करा. त्याच्या पिशवीत टॉर्क पाना आहे का ते बघा.

आता बॅटरीचे गुण. लाईट जाते तेव्हा बदल इतक्या पटकन होतो की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. जुन्या ट्युब्युलरला दर दोन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागे, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड साठे, आणि चौथ्या पावसाळ्यात ती गेली. हिला पाणी नाही, ॲसिडचा वास नाही. मे महिन्यात मांगरात ३८ अंशांपर्यंत गेलं तरी तक्रार नाही. पुस्तकात चार्जिंगची मर्यादा ४५ लिहिलीय. फ्रीझर तिन्ही मिळून दिवसाला सातेक युनिट खातात, घर दोन-तीन. उन्हाच्या दिवशी पॅनेल वीसच्या घरात देतात. श्रावणात सहा-सात युनिट मिळाली तर खूप. म्हणून मी जून ते सप्टेंबर बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही असं सेटिंग ठेवतो, बाकीच्या महिन्यांत २० टक्क्यांपर्यंत.

एक मर्यादा सांगितली पाहिजे. रस काढायच्या पल्परची दोन हॉर्सपॉवरची मोटर बॅटरीवर सुरू होत नाही. मोटर उठताना चालू असतानाच्या पाच-सहापट करंट ओढते आणि इन्व्हर्टर हात वर करतो. पल्पर आम्ही दिवसा, लाईट असतानाच चालवतो. दुकानात विचारलं होतं तेव्हा "चालेल की" असं सांगितलं होतं.

रोज संध्याकाळी सात वाजता मी मांगरात एक चक्कर मारतो आणि पडद्यावर बाण उलटा फिरलेला बघतो. दिवसभर पॅनेलकडून बॅटरीकडे जाणारा बाण आता बॅटरीकडून घराकडे. मला दर वेळी पोफळी आठवते. कोयना १,९६० मेगावॉटची, आणि तिचं खरं काम संध्याकाळचं. राज्यात दिवे लागले, की लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्यभरच्या विजेचा ताळमेळ राखणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा आणि आम्ही मशीन घ्यायचो. उभं मशीन काही मिनिटांत लाइनवर यायचं. कोळशाच्या मशीनला त्याला तास लागतात. शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ही आमची बॅटरीच होती. पण ती वर्षातून एकदाच भरायची, पावसाळ्यात, आणि पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला लवादाने मर्यादा घातलेली: वर्षाला ६७.५ टीएमसी. सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला. ते परत वर चढवायची सोय कोयनेत नाही. घाटघरला आहे, २५० मेगावॉटची: खाली कोकणच्या बाजूला चोंढ्याजवळ अडवलेलं पाणी पुन्हा घाटावर चढवतात.

आता दिवसा सूर्याची वीज भरपूर आणि संध्याकाळी साडेसहानंतर ती शून्य, असं झालंय. ३० मे २०२४ला देशाची मागणी २५० गिगावॉटला पोचली तेव्हा भर दुपार होती, ऊन मदतीला होतं. खरी ओढाताण दिवेलागणीला होते. तिथे मोठ्या बॅटऱ्यांचं काम आहे: दुपारची वीज धरून ठेवायची आणि संध्याकाळी द्यायची. दुसरं काम लोकांना कमी माहीत असतं. ग्रिड ५० हर्ट्झवर चालते आणि आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायची असते. एखादं मोठं मशीन अचानक तुटलं की ही फ्रिक्वेन्सी त्याच क्षणी घसरायला लागते. आमची मशीनं फिरत असली तरी गव्हर्नरने, म्हणजे मशीनचा वेग राखणाऱ्या यंत्रणेने, पाण्याचं दार उघडून जोर वाढवायला काही सेकंद जायचे. बॅटरीला सेकंदाचा अंशच पुरतो. ऑस्ट्रेलियातल्या हॉर्न्सडेलला १०० मेगावॉटची बॅटरी डिसेंबर २०१७ मध्ये चालू झाली, आणि त्याच महिन्यात, हजारेक किलोमीटर लांबच्या लॉय यांग वीज केंद्रातलं ५६० मेगावॉटचं मशीन तुटलं. बॅटरीने कुणी सांगायच्या आत सात मेगावॉटच्या वर वीज ढकलली होती. आकडा लहान आहे, पण तो किती पटकन आला हे कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला विचारा. मी ते वाचलं तेव्हा मला माझे कितीतरी प्रसंग आठवले, फ्रिक्वेन्सीच्या काट्याकडे बघत हात मुठीत आवळलेले.

आपल्याकडेही हे सुरू झालंय. दिल्लीत रोहिणीला २०१९ पासून १० मेगावॉटची बॅटरी आहे. छत्तीसगडमध्ये राजनांदगावला सौर प्रकल्पाच्या जोडीने ४० मेगावॉट, १२० मेगावॉट-तासांची २०२४ पासून आहे. मेगावॉट म्हणजे नळाची तोटी, मेगावॉट-तास म्हणजे टाकी. ही टाकी पूर्ण तोटीने तीन तास वाहते. २०२५ मध्ये दिल्लीतच किलोकरीच्या सबस्टेशनमध्ये २० मेगावॉटची आणखी एक आली. आणि त्या वर्षी फेब्रुवारीत केंद्रीय वीज प्राधिकरणाने सांगितलं की नव्या सौर निविदांमध्ये प्रकल्पाच्या किमान १० टक्के क्षमतेचा, दोन तास पुरेल असा साठा जोडावा.

मला मनापासून वाटतं की अशी एखादी बॅटरी आमच्यासारख्या लांबच्या फीडरच्या टोकाला हवी. संध्याकाळी आमच्याकडे व्होल्टेज १८०पर्यंत खाली येतो, कारण वीज घाट उतरून, खाड्या ओलांडून, आंब्याच्या बागांतून इथपर्यंत येते. टोकाला साठा असला तर तो संध्याकाळी तिथूनच देईल, लाइनवरचा भार हलका होईल आणि व्होल्टेज सावरेल. फांदी पडली तर निदान दवाखाना, नळपाणी योजनेचा पंप आणि बर्फाचा कारखाना तरी चालेल. पण ती आली तर गावाने प्रश्नही विचारायला हवेत: वस्तीपासून किती अंतरावर, पेट्यांमध्ये किती जागा सोडणार, वायू बाहेर काढायची सोय काय, पाण्याची टाकी कुठे, आणि तालुक्याच्या अग्निशमनच्या माणसांना ती आतून कुणी दाखवलीय का. ग्रामसभेत हे प्रश्न विचारायला मी उभा राहीन.

आता खारी हवा. किनाऱ्यावरच्या वाचकांनी हा भाग नीट वाचावा. आमच्या इन्व्हर्टरच्या वॉरंटीत बारीक अक्षरात लिहिलंय की समुद्रापासून ५०० मीटरच्या आत बसवलं तर गंजामुळे झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. आमचं घर किनाऱ्यापासून साधारण आठशे मीटर, मध्ये सुरूचं बन. तरी सहा महिन्यांत पॅनेलच्या सांगाड्याच्या दोन बोल्टांना तांबेरा चढला. ते ३१६ ग्रेडच्या स्टीलचे बदलून घेतले. बॅटरीच्या टर्मिनलना मी पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर पेट्रोलियम जेली लावतो. झरोक्यांच्या जाळीला आतून बारीक जाळी लावली, कारण पाल आत शिरून सर्किटवर बसली की कार्डच जातं. शेजारच्या वाडीत तसं झालंय. बंदरावर, अगदी पुळणीलगत घर असेल तर आधी वॉरंटीचा कागद मागा आणि अंतर मोजून मगच पैसे द्या. घेताना बॅटरीवर आयईसी ६२६१९ हा आकडाही बघा. तो औद्योगिक वापराच्या लिथियम बॅटरीच्या सुरक्षा चाचणीचा आहे. दुकानदाराला तो माहीत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

बॅटरीला पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क पुस्तकासाठी कापला, ते फक्त इंग्रजीत आणि चिनी भाषेत आहे. बसवण्याच्या सेवेला तीन: जागेचा विचार न केल्याबद्दल एक कापला, निळी केबल आणि ढिल्या लगबद्दल एक. मालक स्वतः येऊन राबला नसता तर एकच दिला असता.

यंदाचा रस भरायला सुरुवात झाली आहे, पहिले सत्तर किलो कालच फ्रीझरमध्ये गेले. वर्षाची तपासणी करायला तो मुलगा आगोटीच्या आत येतो म्हणालाय. नटांवरच्या रेघा मी परवाच पाहिल्या, सगळ्या अखंड आहेत.